इंजिन लागलं त्या दुपारी

परवा लेकीच्या केसांना एरंडेल चोळताना हाताला तोच वास आला आणि मी कळंबच्या आमच्या वावरात जाऊन पोचलो.

मी शाळेत होतो त्या वर्षांत कपाशीच्या गावांतून फवारणीचं औषध पिऊन कुणी गेल्याची बातमी सारखी यायची. मी मात्र वासुदेव या मित्राबरोबर हातात धरलेल्या दोन तारांवर आपल्याभोवती गोल फिरणाऱ्या छोट्या विमानाच्या नादात होतो. इंजिनाला रॉकेल, ईथर आणि एरंडेलाचं मिश्रण लागायचं. जमिनीवर इंजिनाचा आवाज थोडा जड ठेवला, की वर गेल्यावर तो मोकळा होतो. तेल कमी-जास्त सोडणारी सुई फिरवून ते साधणं मला जमत नव्हतं. त्या दुपारी जमलं. तेल संपेपर्यंत मी विमानासोबत गरगरत राहिलो आणि भोवळ येऊन मातीत आडवा झालो. खिशातली तेलाची बाटली अंगावर सांडली.

शेजारी कापूस वेचणारी माय धावत आली.

"काय पेला रे तू? सांग न!"

"काही नाही पेलो, माय. भोवळ आली."

"काकू, इंजिनचं तेल होय ते!" वासुदेव ओरडला.

तिनं ऐकलंच नाही. पदराची गाठ सोडून मूठभर मीठ माझ्या तोंडात कोंबलं, पाणी ओतलं, घशात बोटं घातली. मला उलटी झाली तेव्हाच ती खाली बसली.

इंजिन लागल्याचा सगळा आनंद घालवला म्हणून मी तिच्यावर किती चिडलो होतो! आज ती गाठच आठवते. भाकरीसोबत खायला कुणी मूठभर मीठ वावरात नेत नाही. माय ते रोज बांधून नेत होती. बाबांसाठी की माझ्यासाठी, हे तिला विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.