फळीआडून ऐकलेलं

हे मी आजवर कुणाला बोललो नाही — पाद्रीबाबांनाही नाही. तुम्हाला सांगतो. पण मान खाली घालून नाही सांगणार. तो माझा स्वभावच नाही.

मी पास्कू, वसईकडचा ख्रिस्ताव सुतार. घाटातून आगगाडी सुरू झाली तसा कर्जतला आलो, रेल्वेच्या डब्यांची लाकूडकामं करू लागलो. माझ्या कामात साहेबालाही खोट सापडत नसे. स्टेशनामागे आम्हा ख्रिस्तावांचं छोटं देऊळ झालं, तेव्हा कुमसाराची जागा मीच केली. अस्सल सागाची — मध्ये जाळी, अलीकडे माणूस गुडघे टेकून आपली पापं सांगणार, पलीकडे पाद्री ऐकणार. तसं काम खंडाळ्यापासून कल्याणपर्यंत नव्हतं. अजून नाही.

एका उन्हाळ्यात त्या कुमसाराच्या जागेची मागची फळी आकसली. शनिवारी दुपारी मागच्या खोलीत बसून मी फट भरत होतो. पाद्रीबाबा येऊन बसले. मग एक बाई बोलू लागली — कतरीन. माझी बायको.

उठायला हवं होतं, नाही का? निदान खोकायला? दुसऱ्याचं कुमसार चोरून ऐकणं केवढं पाप, हे मला लहानपणापासून ठाऊक. मी पटाशी खाली ठेवली आणि कान लावला.

“माजा नवरा चांगला हाय, बाबा. पन माजा जीवच नाय बसत त्याच्यावर. सात वर्सं झाली.”

“त्याचं खाणंपिणं, दुखणंखुपणं?”

“त्यात कमी नाय करत.”

“मग हे पाप नाही, मुली. मन कुणाच्या हातात असतं? रोज उठून त्याचं करतेस, तेच प्रेम.”

मी दोघांचंही ऐकलं — पण घरी घेऊन गेलो ते फक्त तिचं.

संध्याकाळी ती किती मोकळी दिसत होती! सुक्या बोंबलाचं कालवण केलं, ताट वाढलं आणि कधी नव्हे ती माझ्याजवळ बसली. मी ताट उचललं आणि पाठ फिरवून जेवलो.

त्यानंतर अकरा वर्षं — कामापुरतं बोललो, बस. हात उगारला नाही, शिवी दिली नाही. मधे पाय मोडून तीन महिने पडलो, तेव्हा तिनंच उचललं, धुतलं, भरवलं. तरी नाही बोललो. दर महिन्याला कुमसाराला जायचो. दारू सांगायचो, राग सांगायचो. हे नाही. पास्कूला आपल्या बायकोचा जीव जिंकता आला नाही, हे मी कुणापुढे म्हणू?

मग तिला ताप आला. नवव्या दिवशी तिनं माझं मनगट धरलं.

“अवो, येवडं सांगा. माजं काय चुकलं?”

सांगायचं म्हणजे चोरून ऐकल्याचं कबूल करायचं.

“काय नाय,” मी म्हणालो.

“मंग बरं,” म्हणाली. दुपारी गेली.

तिची पेटी मी एकट्यानं केली, कुणाला हात लावू दिला नाही. मातीला आलेले लोक म्हणाले, असा नवरा मिळायला नशीब लागतं. मी ते ऐकून घेतलं — आणि मला बरं वाटलं.