बिशपांचा मुकुट आणि कात्रीबाईंची सून

कॅथेड्रलच्या मागच्या गल्लीत, चिंचोळा जिना चढून गेलं की बिशपांचे कपडे शिवणाऱ्या एका विधवेची खोली लागायची. तिची जीभ धारदार, म्हणून सगळे तिला कात्रीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. "बोथट म्हणत नाहीत ना, मग झालं," म्हणायची.

खिडकीला लागून लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेलं रेशीम. मोठ्या प्रार्थनेला बिशप खांद्यावरून घेतात तो पायघोळ झगा इथेच तयार व्हायचा, आणि डोक्यावरचा मायटरही. मायटर म्हणजे पुढून-मागून टोकदार असा उंच मुकुट, मागे पाठीवर दोन पट्ट्या लोंबणारा. नवऱ्यामागे याच कामावर तिने मुलाला वाढवलं. त्याचं लग्न झाल्यावर सुनेला शेजारी बसवून सोनेरी कलाबतू भरायला शिकवलं. सुनेचा हात सासूपेक्षा हलका निघाला. हे कात्रीबाई स्वतःच सगळ्यांना सांगायची, तेही अशा तोऱ्यात की जणू तो हात तिनेच जन्माला घातला होता.

मुलाचा हात मात्र जड होता. एका सकाळी सून सुजलेलं मनगट पदराआड लपवत चौकटीशी बसली.

"काय झालं गं?"

"दाराला लागलं, आई."

कात्रीबाईने मनगट उजेडात धरलं. चार वळ स्पष्ट उमटले होते. "दाराला बोटं कधीपासून फुटली?"

संध्याकाळी मुलगा कामावरून आला तेव्हा त्याची पेटी जिन्यात होती. "घर माझं आहे," कात्रीबाई दारात उभी राहून म्हणाली. "ती इथेच राहील. तू नीघ."

नवे बिशप गादीवर बसायचे होते आणि त्यांचा मायटर चौकटीवर अर्धा भरून झाला होता. त्याच सुमारास बिशपांचे सेक्रेटरी फादर धापा टाकत जिना चढून आले. मुलाने त्यांचे कान आधीच भरले होते.

"बाई, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईचा हात या मुकुटाला लागणं बरं दिसत नाही. लोक बोलतात."

"ती वेगळी झाली नाही, मी त्याला हाकलला. पाप असेल तर ते माझं."

"उरलेलं काम तुम्ही एकट्या करा. तिला आत बसवा."

"आणि मारणारा? तो दर रविवारी तुमच्या पहिल्या बाकावर बसतो. त्याला कुठे बसवणार?"

फादरांचा आवाज चढला. "तसं असेल तर काम दुसरीकडे जाईल."

कात्रीबाईने चौकटीच्या दोऱ्या सोडल्या, रेशमाची घडी घातली आणि त्यांच्यापुढे धरली. "कापड तुमचं. टाके आम्हा दोघींचे. उसवून देऊ, का असेच नेता?"

फादर लालबुंद झाले. पण घडी काखेत मारून तसेच खाली उतरले.

सून रडायला लागली. "माझ्यापायी एवढं मोठं काम गेलं, आई."

"रडू नकोस. रेशमावर पाणी पडलं की डाग जात नाही."

"आता कुठलं रेशीम?" सून हुंदके देतच म्हणाली, आणि दोघी रिकाम्या चौकटीकडे बघून हसत सुटल्या.

पुढे पडदे शिवले, शाळेचे गणवेश शिवले. बिशपांच्या समारंभाला दोघी ठेवणीतले कपडे घालून गेल्या आणि थेट पहिल्या बाकावर, मुलाशेजारी जाऊन बसल्या. तोच उठून मागे गेला. दुसऱ्या कुणीतरी पुरा केलेला मायटर घालून बिशप समोरून गेले तेव्हा कात्रीबाई सुनेच्या कानात म्हणाली, "मागच्या पट्ट्या बघ, तुझ्या आहेत."

पानगळीच्या दिवसांत डोंगरावरच्या मठाचे म्हातारे मठाधिपती काठी टेकत वर आले. सणाला तेही बिशपांसारखाच मुकुट घालत आणि वाकड्या मुठीचा दंड हातात धरत.

"तुमच्याकडे येऊ नका, असं मला कळवण्यात आलंय," ते म्हणाले.

"मग आलात कशाला?"

"डोकं माझं आहे ना." ते स्टुलावर बसले आणि सुनेपुढे मान झुकवली. "घे बाई माप."

सुनेने टेप लावली, काढली, पुन्हा लावली. म्हातारा मात्र डोळे मिटून निवांत बसला होता.

मठाचं पाहून गावोगावचे फादर येऊ लागले. कॅथेड्रलचं काम मात्र परत आलं नाही, आणि कात्रीबाई मागायलाही गेली नाही.

बऱ्याच काळाने एकदा मुलगा जिन्यात येऊन उभा राहिला. केस विरळ झालेले, आवाज मऊ. "आई, मला परत घे."

"मला विचारू नकोस. तिला विचार."

सुनेने सुई खाली ठेवली नाही. "नको," एवढंच म्हणाली.

"ऐकलंस?" कात्रीबाई म्हणाली आणि दार लावलं. त्याची पावलं खाली जाईपर्यंत ती कडी धरून उभी होती. मग तिथेच बसली आणि पदर तोंडाला लावला. "पोटचा आहे गं माझा," म्हणत तिने मनसोक्त रडून घेतलं. पण दार काही तिने उघडलं नाही.