बाजारातल्या लाल टाचण्या

नकाशाचं काम माझ्या गळ्यात पडलं ते अक्षर बरं होतं म्हणून. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी लेखनिक होतो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. नव्या साहेबांनी भिंतीवर तालुक्याचा नकाशा लावला आणि म्हणाले, सायकलचोरी जिथं झाली तिथं लाल टाचणी लाव, चोर आपोआप दिसेल.

तक्रारी यायच्या आठवडी बाजाराच्या दिवशीच. "बाजाराले आलो अन् सायकल गेली," माणूस सांगायचा. मी बाजारात टाचणी टोचायचो. मागे रांग असायची, कोण कशाला जास्त विचारतो! पावसाळा संपेपर्यंत नकाशावरचा बाजार लालेलाल झाला.

तिथंच एक सायकल दुरुस्तीवाला बसायचा. झालं! दर बाजाराला त्याला ठाण्यात आणून बाकावर बसवायचं, संध्याकाळी सोडायचं. त्याच्या कमाईचा तोच एक दिवस. "भाऊ, मी काई नाई केलं," तो मलाच सांगत राहायचा, कारण समोर मी असायचो. मला त्याचा वैताग यायचा.

मग एक बाई आली. नवऱ्याची सायकल गेली होती. त्या दिवशी रांग नव्हती, म्हणून विचारलं, "बाजारात कुठी ठेवली होती, बाई?"

"बाजारात कायले? फाट्यावर, मोहाच्या झाडाखाली. तिथून तं यष्टीनं आलो."

जंगलातल्या गावचे लोक फाट्यापर्यंत सायकलनं येतात आणि पुढे बस धरतात, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! माझा बापही तसाच बाजाराला जायचा. जुन्या तक्रारदारांना पुन्हा विचारलं. एकेक टाचणी उपटून फाट्यावर लावली. बाजारात एकही उरली नाही.

फाट्यावर साध्या कपड्यातला शिपाई बसवला, आठवड्यात चोर सापडला. साहेबांनी नकाशाचं कौतुक केलं. दुरुस्तीवाल्याला कळवायचं कोणाला सुचलं नाही.

मीच गेलो. सगळं सांगितलं, माफीही मागितली. भर बाजारात तो हात पुसत रिकामा बसला होता.

"बरं झालं," तो म्हणाला. "पन आता मले सायकल कोन देऊन राह्यलं?"

मी माझी सायकल पुढे केली. म्हटलं, हिचे ब्रेक बघ.

त्यानं हँडलला हातही लावला नाही. "घेऊन जा, भाऊ. पोलिसाची सायकल इथी दिसली, तं येनारा एखादाबी येनार नाई."

मी सायकल ढकलत ठाण्यात परत आलो.