न चिकटणारी पट्टी

कुकरच्या वाफेने ह्यांचा हात भाजला, तेव्हा ह्यांनी घाईघाईत त्यावर कोरडा कापूस दाबून बसवला. दवाखान्यात तो कापूस भिजवून भिजवून सोडवताना ह्यांचे डोळे पांढरे झाले. मग डॉक्टरांनी पॅराफिनची जाळीदार पट्टी लावली. ती बदलायला गेलो, तेव्हा मागची आठवण काढून ह्यांनी आधीच डोळे मिटले आणि “आई गं!” अशी आरोळी ठोकली.

“काका, पट्टी केव्हाच निघाली,” सिस्टर म्हणाल्या.

त्यांच्या चिमट्याला ती मेणचट जाळी लोंबत होती. इतका वेळ जखमेला बिलगून होती, पण निघताना तिने ह्यांना जराही दुखवलं नव्हतं. मला समाचाराला येऊन गेलेले पाहुणे आठवले. आले मायेनंच, पण त्या कापसासारखे. उठताना काहीतरी सोलून नेलंच. दुखऱ्या जागेवर असावं आणि चिकटू नये, हे माणसाला का जमत नसावं?

बाहेर, पायाला पट्टी बांधलेले एक आजोबा घाबरून बसले होते. “आत कोण हो ओरडत होतं? फार दुखतं का?”

“छे, दुखत कसलं! ही ओरडली,” ह्यांनी मला पुढे केलं. “हिला बघवत नाही.”

आजोबा माझ्याकडे बघू लागले. मी पदर सावरत म्हटलं, “हो ना, माझं काळीजच हळवं.”

आजोबा खुदकन हसले आणि हाक आल्यावर निश्चिंतपणे आत गेले.