उस्तादांची जत्रेतली बंदूक

दहा वर्षांच्या पोरीच्या हातात बंदूक देणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल?

मी माथेफिरू म्हटलं होतं, आणि तेही छापून. माझे वडील यंत्रमागावर होते, संघटनेची पत्रकं वाटायचे. उरलेली पत्रकं घरी येत आणि मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. एखादी गोष्ट चुकीची वाटली की ती छापायची आणि चौकात वाटायची, एवढी एकच रीत मला ठाऊक होती. दंगल होऊन चार वर्षंही झाली नव्हती. जळालेल्या वखारींच्या भिंती अजून काळ्या होत्या. अशा भिवंडीत पलटणीतून निवृत्त झालेला एक हवालदार शाळेमागच्या मैदानात मुलांना नेमबाजी शिकवणार, हे ऐकून माझं डोकं फिरलं. ‘मुलांच्या हाती लेखणी द्या, बंदुका नकोत!’ असं पत्रक मी काढलं. शाळेची समिती घाबरली. पत्रकवाल्याची समजूत पटल्याशिवाय वर्ग सुरू होणार नाही, असं तिनं हवालदारांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात उभे. धर्मा गायकवाड, भिवंडीजवळच्या दापोडे गावचे. सायकल भिंतीला टेकवलेली, पँटचे पाय दोरीनं बांधलेले, हातात माझं पत्रक चार घड्या घातलेलं. मी भांडणाच्या तयारीत होतो. ते खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि पत्रक उलगडून एका शब्दावर बोट ठेवलं.

“बंदुका लिवलंस. आपल्याकडं अजून एक पन न्हाय. निवडायची हाय. तू चल.”

मी म्हणालो, मला त्यातलं काही कळत नाही आणि मला ती नकोच आहे.

“म्हनून तर तू चल. ज्याला ती आवडते तो लांबी बगतो, चकाकी बगतो. ज्याला ती खुपते त्यालाच तिची खोट दिसते.”

इतक्या सरळ माणसाशी भांडायचं कसं, हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं. मी गेलो.

नाव नोंदवलेली चौदा मुलं मैदानात जमली होती. मागवाल्यांची, बाजारातली, दोन-तीन वळ गावाहून चालत येणारी. सगळी त्यांना ‘उस्ताद’ म्हणत. उस्तादांच्या खिशात शिंप्याची टेप होती. ते एकेका मुलाचा हात खांद्यापासून बोटाच्या पेरापर्यंत मापत होते. शेवटी ते एका लहानखुऱ्या मुलीपाशी थांबले. ती नसीम. तिचा बाप रात्रपाळीचा मागवाला. तिचं माप त्यांनी दोनदा घेतलं आणि वहीत तेवढंच लिहिलं. बाकीच्यांचं का नाही, असं मी विचारलं.

“माप सगळ्यांत बारक्याचं धरायचं. थोरल्यांचं भागतं. थोरल्याचं धरलं तर बारका मरतो.”

मी आयुष्यभर समतेवर वाचत आलो होतो. पण चौदा पोरांतून सर्वांत लहान कोण हे टेप लावून शोधणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तेवढ्यात समितीतले शेठ आले. त्यांचे माग होते, शिकारीचा शौक होता. वर्गासाठी म्हणून त्यांनी एक छर्र्याची बंदूक आणली होती. लांबलचक, चकचकीत, वर दुर्बीण बसवलेली. मुलांचे डोळे विस्फारले. खरं सांगतो, माझेही. शेठ म्हणाले, “हवालदार, शहराला शोभेल अशी आणलीय. खेळण्यातली नाही.”

उस्तादांनी बंदूक घेतली, नळी रिकामी आहे ना हे तीनदा पाहिलं आणि नसीमला बोलावलं. “बेटी, इसको भर. छर्रा नहीं डालना.”

ही बंदूक भरायची म्हणजे नळी मधून दुमडून खाली ओढायची, की आतली स्प्रिंग ताणली जाते. नसीमनं ओढली. नळी हलेना. तिनं मागचा लाकडी दस्ता मांडीवर टेकवला, मग पोटावर. शेवटी दस्ता मातीत रोवून दोन्ही हातांनी नळीला लोंबकळली. नळी किंचित वाकली आणि तिचं तोंड थेट त्या पोरीच्या हनुवटीखाली आलं. उस्तादांची मूठ आधीपासूनच नळीवर होती. त्यांनी तिला तसंच थांबवलं आणि शेठकडे पाहिलं.

शेठ पुढे आले, नसीमच्या हातातून बंदूक अलगद काढून घेतली आणि मोटारीत ठेवली. जाताना मात्र टोमणा मारलाच, “मग आता जत्रेतली आणा.”

उस्तादांनी ते मनावर घेतलं. रविवारी मला सायकलवर डबलसीट बसवून अंबाडीला नेलं. तिथे नाक्यावर एक फुगेवाला असायचा. फळीवर रंगीत फुगे आणि समोर तीन जुन्या बंदुका. उस्ताद तिन्ही बंदुका चाळत बसले. सगळ्यांत हलकी, रंग उडालेली, स्प्रिंग मऊ पडलेली त्यांनी बाजूला काढली. वहीतल्या मापाशी दस्ता जुळवून पाहिला. फुगेवाला प्रामाणिक होता. म्हणाला, “दादा, ही नका घेऊ. हिच्या नळीवरची नेमाची माशी आम्हीच वाकवलेली हाय, गिऱ्हाईकाचा नेम चुकावा म्हनून.”

“माशी सरळ करता येते,” उस्ताद म्हणाले. “पोराचा हात लांब करता येत न्हाय.”

मग त्यांनी ती भरून माझ्या हातात दिली. समोरच्या लाल फुग्यावर नेम धर, म्हणाले. बोट चापावर ठेव, मनात तीस आकडे मोज आणि न झाडता खाली घे. बस.

मी नेम धरला. एक, दोन, तीन. फुगा वाऱ्यानं हलत होता. माझं सगळं अंग त्या एका बोटात उतरल्यासारखं झालं. अकरा म्हटलं आणि बार उडाला. फुगा शाबूत होता, छर्रा फळीत घुसला होता. मला कुणी झाडायला सांगितलं नव्हतं. उलट नको म्हणून बजावलं होतं. तरी ‘बंदुका नकोत’ छापणाऱ्या या हातानं चाप ओढला होता.

उस्ताद हसले नाहीत. बंदूक माझ्या हातातून काढून घेत एवढंच म्हणाले, “म्हनून शिकवायचं, लेका.”

त्याच संध्याकाळी मी समितीला चिठ्ठी दिली की माझी हरकत नाही.

गावानं त्या बंदुकीची भरपूर चेष्टा केली. उस्ताद आठवडाभर माशी ठोकत, तासत, सरळ करत बसले. निशाण्यामागे लावायला त्यांना सुताच्या चिंध्यांची पोती हवी होती, छर्रा त्यात रुतून राहतो म्हणून. ती एके दिवशी शेठच्या कारखान्यातून हातगाडीवर आली. सोबत निरोप काहीच नव्हता.

वर्गाचा नियम एकच, पण कडक. प्रत्येकानं रोज पाच वेळा नेम धरायचा. चार वेळा झाडायचं. पाचव्यांदा तीस मोजून खाली घ्यायचं. चार छर्रे मधोमध लागले आणि पाचवा सुटला, तर त्या दिवशी शून्य. मुलं कुरकुरत. उस्ताद म्हणत, “चार बार फळीसाठी. पाचवा मानसासाठी.”

त्या पाचव्याचा अर्थ मला संक्रांतीच्या दिवसांत कळला. नसीम चौथ्यावर होती, म्हणजे झाडायच्या बारावर. इतक्यात कापलेल्या पतंगामागे धावणारा कुणाचा तरी पोरगा भिंतीवरून थेट पोत्यांसमोर उतरला. ओरडायला कुणाला सवडच मिळाली नाही. नसीमचं बोट चापावर होतं. तिनं ते बाहेर काढलं, नळी जमिनीकडे वळवली आणि बंदूक खाली ठेवली. भात उकळला की आपण पातेलं उतरवतो, तितक्या शांतपणे. पोरगा पतंग घेऊन पळून गेला. आपला डोळा वाचला हे त्याला आजही माहीत नसेल. मी उस्तादांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

गेल्या वर्षी उस्ताद वारले. दापोड्यात बुद्धवंदना झाली. तेव्हा कुणीतरी म्हणालं की फौजी माणूस होता, बंदुकीची सलामी हवी. सगळ्यांनी नसीमकडे पाहिलं. आता ती चांगली उंच झाली आहे. ती बंदूक तिच्या हातात खेळण्यासारखी दिसत होती. तिनं ती भरली, आभाळाकडे धरली. मागे उभ्या मुलांनी मोजायला सुरुवात केली. हळूहळू सगळा गाव मोजू लागला, शेठसुद्धा. मीही मोजत होतो. तिसाला नसीमनं बंदूक खाली घेतली आणि स्प्रिंग सैल केली. आवाज झाला नाही. मागांच्या या मुलखात इतकी मोठी शांतता मी कधी ऐकलेली नाही.

वाचकहो, एक मागणं आहे. तुमच्या गावच्या जत्रेत फुगेवाला येईलच. मुलाला घेऊन जा, पण आधी बंदूक तुम्ही स्वतः हातात घ्या. फुग्यावर नेम धरा, तीस मोजा आणि न झाडता खाली ठेवा. जमेपर्यंत मुलाच्या हातात देऊ नका.