दुसरं डिकॉक्शन पिणारी आई

मैत्रिणींनो, डॉक्टरांच्या सांगण्यावरून आज पहिल्यांदा कॅफीन काढलेली कॉफी प्यायले. दुपारच्या शिकवणीत पेंगेन, हीच धास्ती होती. लेक हसली, "अम्मा, आज मुलंच तुला शिकवतील!"

पहिला घोट घेतला आणि चव ओळखीची वाटली. १९६०च्या सुमारास वेस्ट मांबलमच्या माहेरच्या घरी कॉफीच्या फिल्टरमधून उतरलेला पहिला, दाट अर्क, म्हणजे पहिलं डिकॉक्शन, अप्पांना आणि पाहुण्यांना मिळायचं. त्याच भुकटीवर पुन्हा पाणी ओतून उतरलेलं फिकं, दुसरं डिकॉक्शन आई प्यायची; तिच्या पेल्यातून चाखलेली तीच ही चव.

तरी त्या फिक्या कॉफीवरही तिचा कान जागा असायचा: कॉन्व्हेंट शाळेतली इंग्रजी कविता म्हणताना माझा एक शब्द चुकला, की इंग्रजी न शिकलेली आई चुलीपासून ओरडायची, "काल असं नव्हतंस म्हटलं!"

आज शिकवणीत मुलांची एकही चूक माझ्या कानांतून निसटली नाही. आईचीच लेक मी!

तुमच्या घरी दुसरं डिकॉक्शन कोण प्यायचं?