वाघोबासमोरून चालत

जव्हारकडच्या एका शाळेत माझी धाकटी बहीण शिकवते. शाळेने आदिवासी वारशाचा दिवस साजरा करायचा ठरवला, म्हणून तिने मला बोलावलं. पोचले तर सगळं गाव मैदानात होतं. बायका गेरूच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढत होत्या, बाप्ये गवत काढत होते. मैदानाच्या कडेला शेंदूर लावलेला दगड होता. तो वाघोबा, रानाचा राखणदार.

मुलींच्या शर्यतीसाठी आखलेली फक्कीची रेघ नेमकी त्याच्यासमोरून जात होती.

"दगड जरा बाजूला नाही का घेता येत?" मी बहिणीला विचारलं.

"तो आधीपासून आहे, ताई. शाळा नंतर आली."

शिट्टी झाली, मुली सुसाट सुटल्या. वाघोबाचा दगड आला तशा सगळ्या चालायला लागल्या. देवासमोरून धावायचं नाही. पहिली पहिलीच राहिली, तिसरी तिसरीच. दगड मागे पडला आणि पुन्हा धूळ उडाली.

"मध्येच कोणी पुढे नाही घुसत?" मी शेजारच्या आजींना विचारलं.

"त्याच्यासमोर कोण घुसंल?" त्या हसून म्हणाल्या.

घाई मलाही करता येते. ऐन घाईत पाऊल आवरायला मात्र पायाखालची जमीन आपली आहे, ही खात्री लागते. त्या मुलींना ती होती.

निघताना एसटीचा हॉर्न वाजू लागला. मी पदर खोचून धावले. वाघोबापाशी पाय आपोआप चालायला लागले. ड्रायव्हर तिथलाच असावा. त्याने हॉर्नवरचा हात काढला.